एमआयटीतील ‘टील’ वर्ग: पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या अध्यापनातील एका बदलाचा प्रकरण अभ्यास

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत २००३ च्या वसंत सत्रात विद्युतचुंबकत्वाच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमाबाबत दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी घडल्या. नव्या, तंत्रज्ञानयुक्त वर्गात शिकलेल्या ५०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या संकल्पनात्मक आकलनात झालेली वाढ, आदल्या वर्षी व्याख्यानपद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट भरली. आणि त्याच सत्रात १५० हून अधिक विद्यार्थ्यांनी या पद्धतीविरुद्ध निवेदनावर सह्या करून ते भौतिकशास्त्र विभागाला सादर केले. एमआयटीसारख्या संस्थेकडून जे बौद्धिक आव्हान अपेक्षित असते ते या वर्गात मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

उच्च शिक्षणातील वर्गखोलीत यंत्रे आली की शिकणे आणि शिकवणे नेमके कुठे बदलते, हे तपासायला या प्रकरणाइतकी चांगली जागा क्वचितच सापडते. येथे पैसा होता, उपकरणे होती, निष्ठावान अध्यापक होते, काळजीपूर्वक मोजमाप होते, आणि तरीही विरोध झाला. पुढील मांडणीत मी असे दाखवू इच्छितो की या वर्गात जे काही घडले त्याचे श्रेय पडदे आणि संगणक यांना फारच थोडे जाते. वर्गातला वेळ कोणी कशासाठी वापरायचा याची वाटणी बदलली, त्याचे ते फळ होते. आणि विरोधाचे मूळही त्याच वाटणीत होते.

पार्श्वभूमी

एमआयटीत पदवी घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला, त्याचा विषय कोणताही असो, भौतिकशास्त्राची दोन सत्रे पूर्ण करावी लागतात. पहिल्यात यामिकी, ज्याचा संस्थेतील क्रमांक ८.०१, दुसऱ्यात विद्युतचुंबकत्व, म्हणजे ८.०२. बहुसंख्य विद्यार्थी दुसरे सत्र पहिल्या वर्षाच्या वसंतात घेतात. त्यामुळे ८.०२ च्या वर्गात भावी जीवशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि स्थापत्यकार हे सारे एकत्र बसलेले असतात, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा भौतिकशास्त्राशी औपचारिक संबंध येथेच संपतो.

अनेक दशके हा अभ्यासक्रम एका ठरलेल्या चाकोरीतून शिकवला जाई. मोठ्या व्याख्यानगृहात शेकडो विद्यार्थ्यांसमोर प्राध्यापक व्याख्यान देत, काही प्रात्यक्षिके दाखवत, आणि नंतर लहान तुकड्यांमध्ये उदाहरणे सोडवून घेतली जात. व्याख्याते सामान्य नव्हते. त्यांच्यापैकी काहींची ख्याती संस्थेबाहेरही पसरलेली होती. तरीही सत्राच्या अखेरीस हजेरी निम्म्यावर किंवा त्याखाली येई, आणि अनुत्तीर्णांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर राही. अतिशय निवडक प्रवेश देणाऱ्या संस्थेत हे प्रमाण अस्वस्थ करणारे होते. शिवाय या मुख्य अभ्यासक्रमातून विद्यार्थ्यांनी स्वतः करायचे प्रयोग कधीच हद्दपार झाले होते. विद्युतचुंबकत्वाचे सत्र पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने एकदाही चुंबकक्षेत्र मोजलेले नसे.

जॉन बेल्चर हे या विभागातील प्राध्यापक. व्हॉयेजर यानांवरील प्लाझ्मा मोजणाऱ्या उपकरणाच्या प्रयोगाचे ते प्रमुख अन्वेषक होते, म्हणजे ग्रहांभोवतालची चुंबकक्षेत्रे आणि विद्युतभारित कणांचे प्रवाह हा त्यांच्या संशोधनाचा नित्याचा विषय. ८.०२ ची व्याख्याने त्यांनी स्वतः दिली होती आणि ओस पडत जाणारी बाके पाहिली होती. १९९९ च्या सुमारास दोन मोठे निधी उपलब्ध झाले: ॲलेक्स डार्बेलॉफ यांच्या देणगीतून उभा राहिलेला शिक्षणविषयक निधी, आणि मायक्रोसॉफ्ट व एमआयटी यांच्यातील ‘आयकॅम्पस’ हा सहकार्य प्रकल्प. या बळावर बेल्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘तंत्रज्ञानाधारित सक्रिय अध्ययन’ अशा अर्थाचे नाव असलेला प्रकल्प उभारला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘टील’ या नावाने ओळखला जातो.

कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘स्टुडिओ भौतिकशास्त्र’ सुरू झाले होते, आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइकनर यांनी मोठ्या संख्येच्या वर्गांसाठी ‘स्केल-अप’ ही रचना घडवली होती. टीलने या दोन्हींकडून उघडपणे घेतले.

खोली, आणि खोलीत घडणारे तास

डार्बेलॉफ स्टुडिओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गात १३ गोल मेजे आहेत आणि प्रत्येक मेजाभोवती नऊ विद्यार्थी बसतात. नवांचे तीन-तीनांचे गट पडतात आणि प्रत्येक गटासमोर एक संगणक असतो. अध्यापकाचे मेज खोलीच्या मध्यभागी आहे. चारही भिंतींवर पांढरे फळे आणि प्रक्षेपणाचे पडदे असून, एखाद्या फळ्यावरचे लेखन कॅमेऱ्याने टिपून सगळ्यांना दाखवता येते. या खोलीला समोरची बाजूच नाही, ही तिच्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. व्याख्यानगृहात बसणारा विद्यार्थी कुठे पाहायचे याचा विचार करत नाही. येथे त्याच्या समोर सहाध्यायी बसलेले असतात, आणि अध्यापक बोलत असताना अर्ध्या वर्गाला मान किंवा खुर्ची वळवावी लागते. दीर्घकाळ व्याख्यान देणे या खोलीत शारीरिकदृष्ट्याच गैरसोयीचे ठरते. वास्तुरचनेने अध्यापनपद्धतीवर घातलेला हा अंकुश कोणत्याही परिपत्रकापेक्षा परिणामकारक असतो, असे मला वाटते.

आठवड्याचे पाच तास दोन तासांच्या दोन बैठका आणि एक तासाची उदाहरणे सोडवण्याची बैठक असे विभागलेले होते. दोन तासांच्या बैठकीत अध्यापक थोडा वेळ विषय मांडे. मग पडद्यावर एक संकल्पनात्मक प्रश्न येई, आणि प्रत्येक विद्यार्थी हातातल्या क्लिकरने स्वतंत्रपणे उत्तर नोंदवी. उत्तरांची विभागणी स्तंभालेखात सर्वांना दिसे. वर्ग चुकीच्या आणि बरोबर उत्तरांमध्ये विभागला गेला असेल, तर शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा उत्तर द्यायचे. ही चर्चेची पद्धत हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९१ पासून विकसित केली. तिच्यात पहिल्यांदा एकट्याने उत्तर देणे अत्यावश्यक असते, कारण आपले उत्तर पणाला लावल्याशिवाय दुसऱ्याचा युक्तिवाद कोणी मन लावून ऐकत नाही. त्यानंतर मेजावरचा प्रयोग. संगणकाला जोडलेल्या सेन्सरने विभवांतर किंवा चुंबकक्षेत्र मोजायचे, आलेख तिथेच पाहायचा आणि त्याचा अर्थ लावायचा. शेवटी गटाने फळ्यावर उदाहरण सोडवायचे. अध्यापक आणि सहायक या मेजावरून त्या मेजाकडे फिरत राहायचे.

दृश्यांकन हा टीलचा आणखी एक विशेष, आणि बेल्चर यांच्या आस्थेचा खास विषय. विद्युतचुंबकत्व अवघड जाते याचे एक कारण असे की त्यातले मुख्य पात्र, म्हणजे क्षेत्र, कधीच दिसत नाही. यामिकीत घसरणारा ठोकळा किंवा फेकलेला चेंडू डोळ्यांसमोर असतो. येथे रिकाम्या अवकाशात प्रत्येक बिंदूला दिशा आणि तीव्रता आहे असे मानून गणित करावे लागते. मायकेल फॅरडे यांनी बलरेषांची कल्पना करताना त्या ताणलेल्या दोरीप्रमाणे लांबीच्या दिशेने खेचतात आणि बाजूंना एकमेकींना ढकलतात असे मानले होते. या कल्पनेला मॅक्सवेल यांनी पुढे गणिती रूप दिले. टीलच्या गटाने ती संगणकावर हलती केली. चुंबकावर पडणाऱ्या वाहक कड्याचे उदाहरण घ्या. कडे खाली येताना त्यात विद्युतप्रवाह प्रवर्तित होतो, त्या प्रवाहाचे क्षेत्र चुंबकाच्या क्षेत्राला विरोध करते आणि कड्याचा वेग कमी होतो. पुस्तकात हा लेन्झचा नियम म्हणून एका वाक्यात येतो. चलत्चित्रात मात्र कड्याखाली दाटत जाणाऱ्या बलरेषा दिसतात आणि कडे का रेंगाळते हे पाहणाऱ्याला जाणवते. कड्याचा रोध शून्य मानला तर ते चुंबकाच्या वर तरंगत राहू शकते, हेही पटते. क्षेत्राची बारीक पोत दाखवण्याचे एक गणिती तंत्र या प्रकल्पात अँड्रियास संडक्विस्ट या एमआयटीच्या विद्यार्थ्यासह विकसित झाले.

मात्र या चित्रांबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. सुंदर चलत्चित्र पाहून ‘कळले’ असे वाटणे आणि प्रत्यक्ष कळणे यांत अंतर असते, आणि उत्तम व्याख्यान ऐकतानाही नेमका हाच भास होतो. कड्याचे चित्र दाखवण्याआधी ‘कडे कसे पडेल, प्रवाह कोणत्या दिशेने वाहील’ याचे भाकीत विद्यार्थ्याकडून घेतले, तरच चित्र त्याच्या समजुतीला भिडते. तसे न करता दाखवलेले चलत्चित्र म्हणजे पडद्यावर दिलेले व्याख्यान ठरते.

मोजमाप

या प्रकल्पाचे मूल्यमापन इस्राएलमधील टेक्निऑन या संस्थेच्या यहुदित दोरी यांच्या नेतृत्वाखाली झाले आणि दोरी व बेल्चर यांनी ते २००५ मध्ये प्रसिद्ध केले. तीन गटांची तुलना करण्यात आली. पहिला, २००१ च्या शरद सत्रातील प्रायोगिक टील वर्ग, १७६ विद्यार्थ्यांचा. दुसरा, २००२ च्या वसंतात नेहमीप्रमाणे व्याख्यानांनी शिकलेल्यांपैकी १२१ विद्यार्थ्यांचा नियंत्रणगट. तिसरा, २००३ च्या वसंतातील पूर्ण प्रमाणावरचा टील अभ्यासक्रम, ५१४ विद्यार्थ्यांचा. सत्राच्या आरंभी आणि अखेरीस संकल्पनात्मक बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी घेतली गेली.

मोजमापासाठी ‘प्रसामान्यीकृत वाढ’ हे माप वापरले गेले. आरंभी विद्यार्थ्याला जेवढे येत नव्हते त्यापैकी किती हिस्सा त्याने सत्रात भरून काढला, हे ते सांगते. सुरुवातीला १०० पैकी ४० आणि शेवटी ७० गुण मिळाले, तर शक्य असलेल्या ६० गुणांपैकी ३० मिळवले म्हणून वाढ ०.५. व्याख्यानगटाची वाढ ०.२७ होती. प्रायोगिक टील गटाची ०.४६ आणि पूर्ण प्रमाणावरील टीलची ०.५२.

हे आकडे एकटे पडलेले नाहीत. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये यामिकीच्या ६२ अभ्यासक्रमांतील सुमारे ६,५०० विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून दाखवले होते की पारंपरिक वर्गांत सरासरी वाढ ०.२३ च्या आसपास असते आणि विद्यार्थ्यांना सतत गुंतवून ठेवणाऱ्या वर्गांत ०.४८ च्या आसपास. विषय आणि चाचणी वेगळी असूनही एमआयटीचे निष्कर्ष त्याच दोन पातळ्यांवर येऊन बसतात. म्हणजे उत्कृष्ट विद्यार्थी आणि उत्कृष्ट व्याख्याते एकत्र आल्यानेही व्याख्यानपद्धतीची मर्यादा ओलांडली गेली नव्हती. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत गंभीर निष्कर्ष आहे.

अनुत्तीर्णांचे प्रमाण नियंत्रणवर्षात १३ टक्क्यांच्या आसपास होते. टीलमध्ये ते ५ टक्क्यांच्या आसपास आले. हजेरी ८० टक्क्यांवर गेली.

या दोन शेवटच्या आकड्यांबाबत मात्र सावध राहायला हवे. टीलमध्ये वर्गातील सहभागाला गुण होते, त्यामुळे हजेरी वाढणारच होती. आणि सहभाग, गृहपाठ, प्रयोग यांचे गुण अंतिम श्रेणीत मिळवल्यावर काठावरच्या विद्यार्थ्याला तरून जाणे सोपे होणार होते. नियमांतला एक बदलही मध्ये आला. एमआयटीत पूर्वी पहिल्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत केवळ उत्तीर्णतेची नोंद होई. २००२ च्या शरदात प्रवेश घेतलेल्यांपासून दुसऱ्या सत्रात उत्तीर्णांची प्रत्यक्ष श्रेणी नोंदली जाऊ लागली. म्हणजे २००२ आणि २००३ च्या वसंतातील विद्यार्थी वेगवेगळ्या दडपणाखाली शिकत होते. शरदात ८.०२ घेणाऱ्यांचा गटही निराळा असतो: काही जण आधीच पुढचे शिकून आलेले, काही आधी मागे पडलेले. म्हणून अनुत्तीर्णांच्या प्रमाणातील घट टीलच्या यशाचा मुख्य पुरावा म्हणून मांडू नये. आकलनातील वाढ अधिक भक्कम उभी राहते, कारण ती एवढी मोठी आहे की केवळ श्रेणीच्या धास्तीने तिचे स्पष्टीकरण देता येत नाही, आणि इतर ठिकाणच्या स्वतंत्र निष्कर्षांशी ती जुळते.

विरोध

निवेदनावर सह्या करणाऱ्या विद्यार्थ्यांना आळशी किंवा बदलाला घाबरणारे समजण्याची चूक सोपी आहे. त्यांच्या तक्रारी नीट पाहिल्या की त्यांत निरनिराळ्या वजनाचे पदर आढळतात.

एक तक्रार अशी की शिकल्यासारखे वाटत नाही. ती आज अधिक चांगली समजते. २०१९ मध्ये लुई डेलोरिए आणि त्यांच्या हार्वर्डमधील सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्रास्ताविक वर्गात एक नेटका प्रयोग केला: तोच मजकूर काही विद्यार्थ्यांना सफाईदार व्याख्यानातून आणि काहींना सक्रिय पद्धतीने शिकवला. सक्रिय गटाला चाचणीत जास्त गुण मिळाले. पण आपण किती शिकलो याचा स्वतःचा अंदाज मात्र त्यांनी कमी दिला. प्रवाही व्याख्यान ऐकताना मनाला कुठे अडखळावे लागत नाही आणि हा सुरळीतपणा आकलन म्हणून नोंदला जातो. गोल मेजापाशी विद्यार्थी वारंवार अडतो, चुकतो, शेजाऱ्यासमोर चुकतो. हे थकवणारे असते. टीलच्या अध्यापकांनी सत्राच्या आरंभीच याची कल्पना स्पष्टपणे दिली असती, आणि असे का करायचे ते विद्यार्थ्यांना पटवले असते, तर काही सह्या नक्कीच कमी झाल्या असत्या.

दुसरी तक्रार अशी सहज बाजूला सारता येत नाही. व्याख्यानपद्धतीत अनुपस्थित राहण्याचे स्वातंत्र्य होते. ज्याला पुस्तकातून आपल्या गतीने शिकणे जमते, तो व्याख्यान चुकवून तोच वेळ ग्रंथालयात घालवू शकत असे, आणि परीक्षेत ते सिद्ध करून दाखवू शकत असे. टीलने त्याला आठवड्याचे पाच तास ठरावीक मेजापाशी, ठरावीक सोबत्यांसह आणि ठरावीक वेगाने बसायला लावले. क्लिकर हे चर्चेचे साधन असले, तरी प्रत्येकाच्या नावावर उत्तर नोंदले जात असल्याने ते हजेरीपटही बनले. एकाच उपकरणाने विद्यार्थ्याच्या विचाराची विचारपूसही करायची आणि त्याच्यावर पहाराही ठेवायचा, यातून अविश्वास निर्माण होणे स्वाभाविक होते. सरासरी वाढ कितीही मोठी असली, तरी त्या सरासरीने या विद्यार्थ्याच्या हानीचे उत्तर मिळत नाही. उच्च शिक्षणात प्रौढ विद्यार्थ्याला शिकण्याचा मार्ग निवडू देणे हेही एक मूल्य आहे, आणि नवी वर्गखोली उभारताना ते कितपत बाजूला ठेवायचे हा निर्णय उघडपणे, कारणे देऊन घ्यावा लागतो.

तिसऱ्या प्रकारच्या तक्रारी सरळ अंमलबजावणीच्या होत्या. प्रयोगांची संख्या जास्त होती आणि त्यांपैकी काहींचा चालू विषयाशी धागा जुळत नव्हता. गटांत एक जण काम करी आणि उरलेले पाहत बसत. तुकडी कोणाकडे आहे यावर अनुभव अवलंबून होता. येथे प्रकल्पाच्या वाढीतली खरी अडचण दिसते. २००१ चा वर्ग ज्यांनी घडवला त्यांनीच तो शिकवला. २००३ मध्ये पाचशेहून अधिक विद्यार्थी म्हणजे अनेक तुकड्या, आणि अनेक तुकड्या म्हणजे असे अध्यापक, ज्यांनी आयुष्यभर उत्तम व्याख्याने दिली होती पण दहा-बारा मेजांवर एकाच वेळी चाललेल्या चर्चेला वळण देण्याचे काम कधी केले नव्हते. त्यांना उपकरणे मिळाली. पुरेसे प्रशिक्षण मिळाले नाही.

विभागाने माघार घेतली नाही आणि कानही बंद ठेवले नाहीत. पुढच्या काळात प्रयोग कमी करून ते विषयाशी अधिक घट्ट जोडले गेले, अध्यापक आणि सहायक यांच्या तयारीवर भर दिला गेला, आणि आरंभीच्या चाचणीच्या आधारे वेगवेगळ्या पातळीचे विद्यार्थी एकत्र येतील असे गट पाडण्यात आले. श्रेणी देताना विद्यार्थ्यांची आपसातली तुलना टाळून ठरावीक गुणमर्यादा ठेवण्याचे धोरण कायम राहिले. हा तपशील छोटा दिसतो, पण शेजाऱ्याला समजावून दिल्याने आपली श्रेणी घसरणार असेल तर सहकार्याचा सारा डोलारा कोसळतो.

यंत्रांचा वाटा किती

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. टीलच्या मोजमापात खोली, संगणक, क्लिकर, चलत्चित्रे, प्रयोग, चर्चा आणि श्रेणीपद्धती हे सगळे घटक एकत्र बदलले. त्यामुळे ०.२७ आणि ०.५२ यांमधला फरक कोणत्या घटकामुळे पडला हे त्या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. पण शेजारच्या दोन अभ्यासांतून बरेच हाती लागते.

पहिला रेन्सेलरचाच, म्हणजे टीलने ज्यापासून प्रेरणा घेतली त्या स्टुडिओचा. करेन कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की नव्या रचनेच्या, संगणकांनी सज्ज अशा स्टुडिओ वर्गांतही प्रसामान्यीकृत वाढ ०.२२ च्या आसपासच होती, म्हणजे पारंपरिक व्याख्यानाइतकीच. त्याच खोल्यांत, त्याच उपकरणांसह, जेव्हा भाकीत करायला लावणारी प्रात्यक्षिके किंवा गटाने उदाहरणे सोडवण्याची संशोधनातून आलेली पद्धत वापरली गेली, तेव्हा वाढ ०.३५ च्या आसपास गेली. खोली तीच होती. विद्यार्थ्याच्या पुढ्यातले काम बदलले. कोट्यवधींच्या वर्गखोल्या बांधू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने हा निष्कर्ष आराखडा मंजूर करण्याआधी वाचायला हवा, इतके त्याचे महत्त्व आहे.

दुसरा अभ्यास क्लिकरचा. नथानिएल लासरी यांनी २००८ मध्ये मझूर यांची चर्चापद्धती एका गटात क्लिकरने आणि दुसऱ्यात साध्या, हाताने उंचावायच्या कार्डांनी राबवून पाहिली. विद्यार्थ्यांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. प्रश्न चांगला असणे आणि चर्चा खरी होणे, एवढेच विद्यार्थ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरले.

यावरून यंत्रे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. क्लिकरचा खरा लाभ अध्यापकाला होतो. व्याख्यानगृहात विद्यार्थ्यांचा गैरसमज प्राध्यापकाला कळे तो काही आठवड्यांनी, उत्तरपत्रिका तपासताना, आणि तोवर विषय पुढे गेलेला असे. टीलमध्ये तोच गैरसमज दोन मिनिटांत पडद्यावर दिसू लागला, कोणाचेही नाव उघड न होता, आणि लाजून हात न उंचावणाऱ्याचा विचारही मोजला गेला. माहितीचा प्रवाह उलट दिशेने वाहू लागला. पण ही माहिती हाती आल्यावर अध्यापकाने ठरलेला क्रम मोडून मागे जायची तयारी ठेवली पाहिजे, आणि त्यासाठी अभ्यासक्रमात मोकळी जागा हवी. अभ्यासक्रम ठासून भरलेला असेल, तर स्तंभालेख पाहून अध्यापक फार तर उसासा टाकतो आणि पुढची पारदर्शिका लावतो. वर्गातला वेळ चर्चेला द्यायचा म्हणजे मजकुराचे पहिले वाचन वर्गाबाहेर ढकलणे आले. ते विद्यार्थ्याने खरोखर करावे म्हणून वर्गाआधीचे प्रश्न आले. ते तपासायला व्यवस्था आली. तंत्रज्ञानाने वाचवलेले श्रम दिसतात, त्याने निर्माण केलेले श्रम मात्र अंदाजपत्रकात फारसे दिसत नाहीत.

मेजावरच्या प्रयोगांबाबत मात्र यंत्राचा वाटा नि:संशय आहे. सेन्सर आणि संगणकामुळे मोजमाप व आलेख क्षणात होतात, म्हणून दोन तासांच्या बैठकीत प्रयोगाला जागा मिळू शकली. हाताने नोंदी घेत बसावे लागले असते, तर ज्या कारणाने प्रयोग मुख्य अभ्यासक्रमातून गेले होते त्याच कारणाने ते पुन्हा गेले असते. ज्याने स्वतःच्या मेजावर गुंडाळीतला प्रवाह बदलून शेजारच्या गुंडाळीत निर्माण होणारे विभवांतर पाहिले आहे, त्याच्यासाठी फॅरडेचा नियम केवळ ऐकीव गोष्ट उरत नाही.

पुढे काय झाले

टील तात्पुरता प्रयोग राहिला नाही. स्टाटा सेंटर या नव्या इमारतीत तशीच दुसरी खोली उभी राहिली आणि २००५ च्या शरदात यामिकीचा ८.०१ हा अभ्यासक्रमही याच पद्धतीने शिकवला जाऊ लागला. २०१० नंतरच्या दशकात संस्थेच्या ऑनलाइन व्यासपीठावर गृहपाठ आला, ज्यात उत्तर चुकले तर विद्यार्थ्याला तत्काळ कळते आणि पुन्हा प्रयत्न करता येतो.

२००७ मध्ये दोरी, बेल्चर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासक्रम संपल्यावर वर्ष-दीड वर्षाने विद्यार्थ्यांची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा टीलमध्ये शिकलेल्यांच्या लक्षात संकल्पना अधिक टिकल्याचे आढळले. भौतिकशास्त्राचे हे शेवटचेच सत्र असलेल्या भावी जीवशास्त्रज्ञाच्या किंवा स्थापत्यकाराच्या दृष्टीने सत्रान्ताच्या गुणांपेक्षा हेच माप महत्त्वाचे आहे.

अशा वर्गखोल्या त्यानंतर जगभर अनेक विद्यापीठांत बांधल्या गेल्या. त्यांच्या मूल्यमापनात बहुधा ‘नवी खोली विरुद्ध जुने व्याख्यानगृह’ अशीच तुलना केली जाते, आणि त्यामुळे टीलमध्ये अनुत्तरित राहिलेला प्रश्न प्रत्येक वेळी तसाच राहतो. रेन्सेलरने दाखवलेली वाट अधिक फलदायी आहे: खोली आणि उपकरणे तीच ठेवून, एका तुकडीत अध्यापकाला भाकीत, चर्चा आणि प्रतिसाद यांचे प्रशिक्षण द्यावे, दुसरीत केवळ उपकरणे हाताळण्याचे द्यावे, आणि सत्राच्या अखेरीस व पुन्हा वर्षाने दोन्ही तुकड्यांची तीच चाचणी घ्यावी. त्याच चाचणीसोबत, हजेरीची सक्ती नसलेली एक तिसरी तुकडी ठेवली, तर २००३ च्या त्या निवेदनातील सर्वांत वजनदार तक्रारीचीही पहिल्यांदाच प्रामाणिक तपासणी होईल.